वकीलसाहेबांचं जन्मस्थान

गरिबांची मतं हवीत म्हणून प्रायर वकिलांनी भर सभेत ठोकून दिलं, "मी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलो!" विरोधक म्हणाले, "दाखवा झोपडी." मग वकिलांनी माझ्या शेजारच्या जेथ्रोची झोपडी पिंपभर दारूच्या बदल्यात घेतली, ओंडका न् ओंडका सुटा करून आपल्या हवेलीच्या अंगणात उभारली आणि वर पाटी लावली, 'जन्मस्थान'.

तेव्हा मत तोंडीच द्यायचं. मतदानाच्या दिवशी जेथ्रोने कोर्टाच्या ओसरीवर सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितलं, "माझं मत प्रायर वकिलांना!"

"थांब जरा," शेरीफ म्हणाला. "व्हर्जिनियात ज्याला घर, त्यालाच मत. तुझं घर कुठाय?"

जेथ्रोने डोकं खाजवलं.

"होतं हो साहेब. पण त्यात आता वकीलसाहेब जन्मलेत!"