चाचणीचा फोन

जीवरामने नवा नंबर टाइप केला, वायरच्या जोडीचा क्रमांक टाकला, एसटीडीची सोय दिली आणि बटण दाबलं. पडद्यावर लाइन चालू दिसली. गावात इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज येऊन आठवडा झाला होता. ही लाइन ट्रकमालक भाईदासच्या घरची. आता फक्त एक फोन करून बघायचा होता.

चौथ्या घंटेला रिसीव्हर उचलला गेला.

"हॅलो, टेलिफोन ऑफिसातून..."

"दादा, मारून टाकतील हो मला," बाई म्हणाली. मग रिसीव्हर भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

तो लोंबकळतच राहिला असावा. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. पट्टा बसत होता. मध्येच दुसरं काहीतरी, जड. "माहेरी चिठ्ठी कोणाकडून लिहून धाडली? बोल." बाई नाव सांगत नव्हती.

लाइनमन झुलाल डबा खात होता. सकाळी त्यानेच तिथे फोन बसवला होता. जीवरामने रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. झुलाल तसाच उष्ट्या हाताने उठला.

"घर मनं देखेल शे. तू त्याले बोलाले लाव," म्हणाला आणि सायकलीकडे पळाला.

जीवरामने दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवलं. "नवरा-बायकोचंच आहे ना? साहेब जेवायला गेलेत. आले की सांगतो."

पलीकडे बाईचा आवाज बारीक होत चालला होता. जीवराम जोरात हाका मारू लागला. "भाईदासभाऊ! भाईदासभाऊ!"

मार थांबला. रिसीव्हर उचलला गेला. "कोण?" भाईदासला धाप लागली होती.

"टेलिफोन ऑफिस. तुमची लाइन तपासतोय. पूर्ण नाव सांगा."

"अर्जावर आहे."

"अक्षर लागत नाही, भाऊ."

भाईदासने नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, गल्ली सांगितली. "आता एकपासून वीसपर्यंत सावकाश मोजा. आवाज बघायचाय."

भाईदास मोजू लागला. मागे बाई कण्हत होती. अकरावर तो थांबला.

"तू केव्हापासून ऐकतोय?"

"बारा म्हणा, भाऊ. पुढे मोजा."

"मग हे पण ऐक."

जे ऐकू आलं त्याला किंकाळी म्हणता आलं नसतं. मग लाइन तुटली.

झुलाल पोचला तेव्हा दाराबाहेर पंधरा-वीस माणसं नुसती उभी होती. आतून कडी होती. त्याने शेजारची शिडी उचलून दारावर घातली; तिसऱ्या धडकेला दोघं मदतीला आले. दार उघडलं तशी भाईदासने ट्रकचं चाक खोलायची लोखंडी टॉमी चालवली. झुलालचा उजवा खांदा मोडला. मग मात्र माणसं आत घुसली आणि त्यांनी भाईदासला खाली पाडलं. त्याची बायको पुष्पाबाई कोपऱ्यात होती. उपटलेली फोनची वायर तिच्या गळ्याला आवळलेली. झुलालने डाव्या हाताने खिशातली पक्कड काढली आणि वायर तोडली.

टेम्पोतून तिला धुळ्याला नेलं. ती वाचली, पण आवाज गेला. लिहिता येत नव्हतं; जबाब देता येईना.

तीन आठवड्यांनी भाईदास जामिनावर सुटला. त्याने अर्ज केला की, टेलिफोनवाले लोकांची बोलणी चोरून ऐकतात. जिल्ह्याहून टेलिफोन खात्याचे साहेब आले.

"नोकरी जाईल, जीवराम," ते म्हणाले. "लिहून द्या, चाचणीचा फोन केला, लाइन लागली, ठेवून दिला. काही ऐकलं नाही. मी मिटवतो."

"मग त्या बाईच्या केसमध्ये साक्ष कोण देणार?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "ते तुमचं काम नाही."

जीवरामने पेन उघडलं. तारीख घातली. खाली लिहिलं: 'दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून एक वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत मी सगळं ऐकलं.'

मग त्याने दुसरा कागद मागितला. एक पुरणार नव्हता.