सतरा नंबरचं बी

चाळीस पाकिटांत खरबुजाच्या चाळीस जातींचं बी असायला हवं होतं. डीएनएच्या चाचणीत मात्र सगळं बी जुळ्या भावंडांसारखं एकच निघालं. संशोधक बाईंनी आधी यंत्राला, मग रसायनांना बोल लावत तीनदा चाचणी केली. निकाल जागचा हलेना. गेल्या हंगामात तर त्यांनी स्वतः प्रत्येक जातीचं फळ मोजलं, चिरलं, चाखलं होतं. वहीत चाळीस तऱ्हा होत्या. पाकिटं घेऊन त्या तडक मळ्यात गेल्या. "काका, यातलं जुनं बी कुठंय?" "टाकलं," माळीकाका खुशीत म्हणाले. "फिकं, कडू चाखताना तुमचं तोंड वाकडं व्हायचं, बघवेना. सगळ्यांत गोड खरबुजाचंच भरलंय आता." "आणि सतरा नंबर? रोगाला दाद न देणारं तेवढं एकच होतं." "ते तर गुरांनीही हुंगून सोडलं होतं." काकांनी फोड पुढे केली. बाईंनी चाखली. मेली खरंच गोड होती.