झाडीतली जागा

"इथे पडवी, इथे माझी आरामखुर्ची," पाचोळ्यावर काठीने रेघा ओढत स्टेशनमास्तर म्हणाले. "आणि तुझं स्वयंपाकघर तिकडे, मागे."

बायको एका उन्मळून पडलेल्या खोडावर बसून गुडघे चोळत होती. मास्तर निवृत्त झाल्यापासून ही कितवी जागा, हे मोजणं तिनं सोडलं होतं. नोकरीभर तिनं ह्यांच्यामागे बिऱ्हाड वाहिलं. ह्यांची बदली झाली की आपल्या नर्सच्या नोकरीतही बदली मागून घेतली. आता निदान ती 'हो' म्हणाल्याशिवाय सही करायची नाही, एवढं मास्तरांनी कबूल केलं होतं.

"ताई, हवा बघा इथली," दलाल म्हणाला. सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता. "झाडं तोडायची नाहीत, असा नियमच आहे. ह्या घरातलं त्या घराला दिसायचं नाही."

"शेजारी कोण?"

"कुणीच नाही. पलीकडचा तुकडाही रिकामाच आहे."

"इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल?"

"अगं, रिकाम्या जागेत तुझी हाक ऐकणार कोण?" मास्तर हसले. "भुतं?"

"तुमच्याबरोबर संसार केलाय मी. भुतं काय घाबरवणार मला!"

दलालानं हसू खोकल्यात लपवलं. बाई बिचकली, आता सौदा फिसकटणार, हे त्याला दिसत होतं. पण खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती. "खरं सांगतो ताई, मधे झाडी दाट आहे. घसा फोडला तरी नीट ऐकू जायचं नाही."

तिनं मान वळवून त्या झाडीकडे पाहिलं. मास्तरांची काठी थांबली.

"घ्या," ती म्हणाली.

"नक्की? मागाहून कुरकुर नको हं!"

"नाही करणार. जा, गाडीतून पाणी आणा जरा."

मास्तर पोरासारखे धावत गेले.

"देव पावला, ताई," दलालानं कपाळ पुसलं.

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "पलीकडचा तुकडा कितीला?"

"दोन्ही घेताय? मग मधलं कुंपण काढूनच देतो!"

"कुंपण असू द्या. आणि तो माझ्या एकटीच्या नावावर करा."

"पण तिथे राहणार कोण?"

"मी. भाऊ गेला, तसं माहेर मिटलं माझं. ह्यांना यावंसं वाटलं, तर जावयासारखं आधी विचारून यावं."