येळवशीचं बोलावणं

टेम्पो केव्हाचा सुरू होता, पण बलभीम गिअर टाकत नव्हता. बाजूच्या आरशात त्याला घराचं दार दिसत होतं, आणि दारात उभी असलेली त्याची लेक, प्रतीक्षा.

"आरं चल की! टेम्पोला शिंगं फुटायची वाट बगतूस का?" मागच्या हौद्यातून विठाबाई ओरडली. ही त्याची थोरली बहीण. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, ती दरसाल माहेरी यायची.

"इंजन तापू दे की, आक्का."

इंजिन कधीच तापलं होतं.

हौद्यात त्याच्या बायकोनं, दैवशालानं, रात्रभर खपून रांधलेलं सगळं रचलं होतं. पालेभाज्या-डाळींच्या भज्जीचं पातेलं, बाजरीच्या भाकरी, फडकं बांधलेली आंबिलीची घागर. उरलेल्या जागेत माणसं दाटीवाटीनं बसली होती. येळवशीला अख्खं तेर गाव रानात जेवायला जातं आणि जाताना भेटेल त्याला सोबत ओढतं. ज्याला रान नाही, त्याला त्या दिवशी गावात उपाशी ठेवत नाहीत. बलभीमला तर बोलावण्याचा नादच होता. सण आठवड्यावर आला की तो घराबाहेर पडायचा. पोस्टमन, शाळेतले नवे गुरुजी, फाट्यावरचा पंक्चरवाला, कुणीही. समोर जाऊन उभा राहायचा, हात जोडायचा. "येळवशीला रानात या. न्हाय म्हणू नका." होकार घेतल्याशिवाय हलायचा नाही.

एवढी माणसं यायची. पोरगी तेवढी येत नव्हती.

शाळेत असताना ती शेवटची आली होती. कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पांडव म्हणून चुना लावलेले दगड पूजेला मांडले होते. त्यांच्याभोवती आंबील शिंपडत सगळ्यांनी एकच गलका केला, कुणीतरी ताट बडवलं, आणि ती कानांवर हात दाबून किंचाळत ज्वारीत पळाली. लोक हसले. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पर्जर हा शब्द सांगितला. "हा आजार नव्हे," ते म्हणाले, "हिची घडण वेगळी आहे. कशाची जबरदस्ती करू नका." तो शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसला नाही. गावाकडं स्वतःचे शब्द होते. शिष्ट. माणूसघाणी. घरच्यांनी मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य अंगाऱ्यासारखं जपलं.

आता प्रतीक्षा पंचविशीत होती. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. आणि दर येळवशीला अशीच दारात येऊन उभी राहायची. न्हाऊन, नवा ड्रेस घालून, पायांत चपला. बलभीम एकदा हॉर्न वाजवायचा. ती हलायची नाही. मग तो निघायचा. आरशात ती लहान लहान होत जायची, आणि रानात पंगत बसली की पहिला घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राहायचा. माणसांत बसलेली आपली लेक त्याला एकदा बघायची होती. पण तिला माणसं नकोच असतील, तर बापाच्या हौसेपायी तिला का छळायचं?

समोरून जनावरांच्या दवाखान्यात नवीन आलेला डॉक्टर पायी येत होता. बलभीमनं मान बाहेर काढली.

"अवो डॉक्टर! कुठं निगालाव? चढा वर. येळवस हाय आज."

"अहो, आपली नीट ओळखही नाही."

"वळख रानात करू की! तुमच्याबिगर गाडी हलत न्हाय बगा."

डॉक्टर हसत हौद्यात चढू लागला. चढता चढता त्याला दारातली मुलगी दिसली.

"या नाही येणार?"

"तिचं येगळं हाय," विठाबाईनं आवाज खाली न आणता सांगितलं. "तिला माणसं लागत न्हायत. एकटी असली की सुखात असती. उद्या बाप मेला तरी कॉम्प्युटरवरनं उठायची न्हाय."

"आक्का, सणाचं तरी नका हो असं बोलू," दैवशाला म्हणाली.

डॉक्टर अवघडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं दाराकडं वळून विचारलं, "ताई, तुम्ही का नाही येत?"

प्रतीक्षानं त्याच्याकडं पाहिलं नाही. रस्त्यावरच्या खडीकडं बघत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मला बोलावलेलं नाही."

हौद्यात हशा पिकला. "आगं येडे," विठाबाईला हसू आवरेना, "घरच्या माणसाला कुणी बोलावणं करतंय व्हय?"

"अण्णा सगळ्यांना करतात," प्रतीक्षा म्हणाली. "पंक्चरवाल्याकडं दोनदा गेले. माझ्याकडं कधी आले नाहीत. हॉर्न वाजवतात आणि निघून जातात."

बलभीमनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं, तसं हसणंही थांबलं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. विचारलंही कुणी नव्हतं.

तो खाली उतरला. गावभर सांगत फिरलेलं ते वाक्य दारापर्यंतच्या वाटेवर त्याला जुळेना. लेकीसमोर जाऊन तो उभा राहिला आणि परक्या माणसाला जोडावेत तसे त्यानं हात जोडले.

"प्रतीक्षा," तो म्हणाला, "येळवशीला रानात ये. न्हाय म्हणू नको."

ती त्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघत राहिली. चपलांमधली तिची बोटं आखडली आणि सैल झाली.

"मी बांधावर बसेन, सगळ्यांपासून लांब," ती म्हणाली. "बहुतेक कुणाशी बोलणारही नाही. तरी मी आलेलीच असेन ना, अण्णा?"