सगळे दिवे लागले

बटण दाबलं आणि दिवा लागला. वायरमन चपापला, कारण तो दिवा लागायला नको होता.

काल दुपारी त्याने स्वतःच्या हाताने वर्कशॉपमधल्या प्रत्येक सरावाच्या बोर्डात बिघाड करून ठेवला होता. कुठे तार सैल, कुठे उडालेला फ्यूज, कुठे न्यूट्रलची तारच काढून टाकलेली. आज वर्गाने ते शोधायचे आणि मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षक बाईंनी ठरवायचं, की मोठ्या माणसांना धंदा शिकवायला हा गडी लायक आहे का. मागच्या खेपेला तो नापास झाला होता. यावेळी गेलं की कायमचं गेलं.

"दुसरा बोर्ड घ्या," तो म्हणाला.

दुसरा लागला. तिसरा लागला. जणू त्याची चेष्टाच चालली होती.

"यांत बिघाड आहेत," घाम पुसत तो म्हणाला. "नीट शोधा."

भाजीवाली मावशी, निवृत्त चौकीदार, शिवणकाम सोडून आलेल्या दोघी बहिणी, सगळ्यांनी बोर्ड उघडले, तारा ओढून पाहिल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

"काही सापडत नाही, सर," चौकीदार हळूच म्हणाला.

वायरमनला आतून संताप आला. वर्षभर घसा फोडून शिकवलं, पण हा वर्ग असा, की सांगितल्याशिवाय पक्कडसुद्धा उचलायचा नाही!

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बिघाडच नाही, तर पाठ कसला? तयारी करून यायचं असतं."

"बाई, मी काल केले होते बिघाड! खरंच सांगतो!"

"मग गेले कुठे? आपोआप बरे झाले?" बाई उठल्या. "निकाल कळेलच. पण आशा धरू नका."

बाहेर प्लंबर उभा होता. त्याचंही प्रशिक्षण याच्याबरोबरच चाललेलं, पुढचा पाठ त्याचा. संस्थेत जागा मात्र एकच. आणि काल संध्याकाळी वर्कशॉपची किल्ली होती याच पठ्ठ्याकडे! वायरमनचं डोकं सणकलं.

"तूच केलंस हे! किल्ली तुझ्याकडे होती."

"होती ना. मी कुलूप उघडून दिलं, पण—"

"वर तोंड करून कबूलही करतोस?"

"अरे, ऐकून तरी घे—"

"काय ऐकू? वर्षभर एका डब्यात जेवलो आपण! जागा हवी होती तर तोंडावर मागायचीस, मी झालो असतो बाजूला. असा केसाने गळा कापायची काय गरज होती? लाज नाही वाटली?"

येणारेजाणारे थांबून बघायला लागले. प्लंबरचा चेहरा उतरला. पाइपांची पिशवी खांद्याला लावून तो जिना उतरला. स्वतःच्या पाठालाही थांबला नाही.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वायरमन धुसफुसतच अवजारं आवरायला वर्कशॉपमध्ये परतला.

वर्ग अजून जागेवरच बसलेला. कोणी घरी गेलं नव्हतं.

"आता काय राहिलंय?" तो खेकसला. "जा, सुटी झाली. मीही सुटलो तुमच्यातून."

मावशी उठली. पदराने हात पुसत, बोर्डांकडे बघत, चाचरत म्हणाली, "सर, आमच्यावर रागावू नका. काल संध्याकाळी सरावाला आलो, प्लंबरसरांनी कुलूप उघडून दिलं, तर सगळे बोर्ड बंद. सकाळी तुमची परीक्षा. बाईंपुढे तुमची फजिती होऊ नये, म्हणून आम्ही सगळ्यांनी बसून एकेक बोर्ड दुरुस्त केला. सांगा ना, कुठला बिघाड राहून गेला आमच्याकडून?"