तिसरं तिकीट

खिडकीवर एल्फासनं तीन तिकिटं घेतली. माणसं दोन, तिकिटं तीन. खांबाआड उभ्या झेब्लॉन गुमेडेनं ती पुन्हा मोजली. तो तसाच मागं फिरला आणि धापा टाकत माशांगेच्या टपरीशी आला.

"तिसरं माझं!" तो म्हणाला. "थोरला भाऊ एल्फास आलाय, माझा पोरगा मुझी आलाय. मला न्यायला आलेत, बाई!"

माशांगे स्टेशनाबाहेर पिठाचे गोळे तळून विकायची. तिनं झारा कढईवर आपटला. "मग नव्या नवरीसारखे इथं लपताय काय? जा की पोरासमोर!"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती, हे खरंच. तो गावाहून आला तेव्हा हे मध्यवर्ती स्टेशन म्हणजे एक दगडी कमान आणि दोन फलाट. कमानीखालून गोरे जायचे. झेब्लॉनसारख्यांना कोळशाच्या वखारीमागून बोळ होता. फलाट वाढवायच्या कामावर तो लागला. गोऱ्यांचं राज्य गेलं तेव्हा तो बोळ बुजवायलाही तोच होता, आणि त्या दिवशी कमानीखालून त्यानं उगाचच कितीदा तरी आत-बाहेर केलं. ह्या सगळ्यात घर राहून गेलं. आधी पैसे बंद झाले, मग पत्रं, मग तो स्वतः. शेवटच्या भेटीत बायको म्हणाली होती, "माझ्या बापाला गाई देऊन मला आणलंत, आता त्या स्टेशनालाच गाई द्या आणि त्यालाच नांदवा."

गेल्या वर्षी जुनं छप्पर उतरवून काचेचं घालायला घेतलं. झेब्लॉन तिथंही चढला. पण पाय लटपटायला लागले, तेव्हा आपली पाळी आणि आपलं नाव रंगवलेलं हेल्मेट एका नव्या गड्याला देऊन तो माशांगेकडं पाणी भरायला लागला. छप्पर कोसळलं ते त्याच आठवड्यात. तो गडी त्याखाली मेला. त्याचं नावही कधी विचारलं नाही, ह्याची झेब्लॉनला अजून लाज वाटायची.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास होता. मरायचं ते घरी, आपल्या गोठ्याशेजारी. मागच्या महिन्यात त्यानं गावच्या ट्रकवाल्याजवळ निरोप दिला होता, थकलोय, घरी न्या. ट्रकवाला पक्का बेवडा. पण निरोप पोचला म्हणायचा.

"हे धरा." माशांगेनं गरम गोळे कागदात बांधले. "पोराला द्या. पोट भरलं की माणूस लवकर माफ करतो. आणि परत इकडं दिसलात तर झारा फेकून मारीन." मग तिनं डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या.

झेब्लॉन कमानीशी आला तेव्हा ते दोघे आत शिरत होते. बहिरा एल्फास सामान घेऊन ताडताड पुढं चालला होता. मुझी मागून, हळू. केवढा झाला होता! दाढी आली होती. दोन्ही हातांनी एक घोंगडी छातीशी धरली होती.

"मुझी," झेब्लॉन त्याच्या पाठीशी जाऊन म्हणाला.

मुझी वळला नाही. त्याची पाठ तेवढी ताठ झाली.

"ही तुमची कमान, बाबा," समोर बघतच तो म्हणाला. "आता इथून कुणीही जातं."

झेब्लॉनला हुंदका आवरेना. रागावलाय पोरगा, मान वळवत नाही. पण बोलतोय तर!

"हो रे. इथला बोळ मीच बुजवला."

"पुढं पायऱ्या आहेत, बाबा. जपून."

"ह्या नव्या आहेत. माझ्या वेळी उतार होता." झेब्लॉन त्याच्यामागून चालत राहिला, चिखलातल्या वासरासारखा, पाय उचलत. "मुझी, माझं चुकलं रे. फार चुकलं."

"आता घरी जायचं, बाबा. आई वाट बघतेय. तिचा राग गेला सगळा."

झेब्लॉन रडायलाच लागला. डोळे पुसायला थांबला, तेवढ्यात मध्ये बायाबापड्यांचा लोंढा घुसला. तो फाटकाशी पोचला तेव्हा मुझी पलीकडच्या फलाटावर, डब्याच्या दाराशी उभा होता. एल्फास आत चढून गेला होता.

"तिकीट?" फाटकावरच्या पोरीनं विचारलं.

"माझं पोराकडं आहे. तो बघ, घोंगडीवाला. तीन दाखवली ना त्यांनी? तिसरं माझं."

पोरीचा चेहरा कडक झाला. "आजोबा, फुकट जायला दुसरं काही सुचलं नाही? ते तिकीट त्याच्या बापाचं आहे."

"मग मी कोण? मीच त्याचा बाप!"

"लाज वाटू द्या जराशी. त्या घोंगडीत बोरीची फांदी आहे. त्याचा बाप गेल्या वर्षी ह्या छपराखाली मेला. त्याचा आत्मा घरी नेतायत."

झेब्लॉनला ते हेल्मेट आठवलं आणि हातातले गोळे खाली पडले. त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. खाणीत मेलेल्या आपल्या बापाला त्यानंही असंच बोरीच्या फांदीवर घरी आणलं होतं, तिकीट काढून. फांदी हातात असली की मागं वळायचं नाही. जित्या माणसाशी बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त गेलेल्याशी.

शिट्टी झाली. झेब्लॉन फाटकाच्या गजांना लटकून जीव खाऊन ओरडला, "मुझी! मी मेलो नाही रे! मी जिवंत आहे!"

पायरीवर एक पाय ठेवून मुझी थांबला. मागं वळला नाही. त्यानं घोंगडीची घडी उघडली, फांदीवर तोंड टेकवलं आणि मायेनं म्हणाला, "सगळ्यांनाच सुरुवातीला असं वाटतं, बाबा. चला, चढा."