मासिकातली ठकी

१९०१ साली, मोठा दुष्काळ ओसरल्यावर, नगरच्या मिशनच्या बंगल्यात अमेरिकेहून एक मासिक आलं. धूळ झटकताना सुंद्राबाईला दुष्काळाच्या लेखात, साबणाच्या जाहिरातीशेजारी, आपली लेक ठकी दिसली. फोटो काढला त्याच महिन्यात पोर पटकीनं गेली होती. साथीतल्या सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं होतं. खूणही उरली नव्हती.

“मडमबाई, एवढं पान मला द्या.”

मडमबाईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला, वर्षभर क्रमशः चाललेल्या कादंबरीचा शेवट होता. “राहुरीच्या मिशनमधल्या आजारी बाई याचीच वाट बघतायत गं. मासिक परत आलं, की पान तुझंच.”

“बरं. पोर माझी कुठं हिंडली न्हाई,” सुंद्राबाई म्हणाली. “राहुरी तरी बघू द्या.”

मासिक परतलं, पण त्यात ते पान नव्हतं. राहुरीच्या बाईंनी ते फाडून उशाशी ठेवलं होतं. त्या वारल्या, तेव्हा कुणीतरी ते पान शवपेटीत त्यांच्या हाताखाली सारलं.

मडमबाई पुढे मायदेशी गेल्या. सुंद्राबाई मात्र म्हातारपणापर्यंत दर नाताळात राहुरीला चालत जायची, त्या थडग्यावर झेंडू ठेवायची. “ही गोरी बाई तुझी कोण?” कुणी विचारलंच, तर म्हणायची, “ती कुणी न्हाई. तिच्यापाशी माझी ठकी हाय.”